आत येऊ नये

आमच्या ह्यांचं अक्षर इतकं सुंदर आहे, की त्यापायी आम्ही बुडता बुडता वाचलो.

हे पाट्या रंगवतात. गावभर त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतात. छापील फलक आले तशी दुकानांची कामं गेली आणि उंच उंच भिंतींवरच्या जाहिराती तेवढ्या उरल्या. म्हणजे शिडी आली. गेल्या वर्षी एकदा काम अर्धं टाकून घरी आले, चेहरा पांढराफटक. विचारलं तर म्हणाले, "चप्पल सटकली." आता हा माणूस शिडीवर कायम अनवाणी चढतो, हे मला ठाऊक नाही होय? पण वर गेल्यावर चक्कर येते, एवढं बायकोपाशी कबूल करणंसुद्धा ह्यांच्या जिवावर येतं. मी मनाशी ठरवलं, ह्यांना शिडीवरून खाली आणायचं आणि तेही न दुखावता.

म्हणून मग घर. एखादं लहानसं घर घ्यावं, भाड्यानं द्यावं. दर महिन्याला भाडं आलं की कशाला कोण चढतंय! ह्यांना अर्थात मी "गुंतवणूक" असा भारदस्त शब्द सांगितला. माझ्या शिवणाचे साठवलेले पैसे होते, त्यात ह्यांनी आपले घातले. कर्ज बुडालं की बँक घर ताब्यात घेते आणि नंतर स्वस्तात विकते, अशी बातमी माझ्या भावानं आणली होती. तीन वर्षं रिकामं पडलेलं एक घर आम्ही बघायला गेलो.

बँकेचे साहेब किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले होते. म्हणाले, "जसं आहे तसं घ्यायचं. मागाहून हे गळतंय, ते मोडलंय, अशी तक्रार चालणार नाही."

"लग्नात मला हेच सांगितलं होतं," मी म्हणाले.

साहेब हसले नाहीत. हेही हसले नाहीत, कारण ह्यांचं लक्षच नव्हतं. ते दर्शनी भिंतीकडे टक लावून बघत होते. वर, अगदी छताखाली, हातभर उंचीच्या लालभडक अक्षरांत लिहिलं होतं: ही मालमत्ता बँकेच्या ताब्यात आहे. आणि खाली, दाराशेजारी, छातीच्या उंचीवर: आत येऊ नये.

"अगं, तो 'ब' बघ," हे हळूच म्हणाले. "त्याचं पोट बघ कसं भरलंय. माझा आहे तो."

तेव्हा कुठे उलगडा झाला. बँकेनं ह्यांना गाडीत घालून एका दिवसात अशी कितीतरी घरं रंगवून घेतली होती. कुठली गल्ली, कुठलं घर, काही लक्षात नव्हतं. अक्षर तेवढं ओळखलं.

"टिकलं पाहिजे, असं बजावलं होतं तुम्ही," हे साहेबांना म्हणाले. "टिकलंय ना?"

टिकलं होतंच. इतकं, की ते वाचून लोक त्या घराच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. आमच्याखेरीज एकानंही बोली लावली नाही आणि घर आम्हाला मिळालं. नवऱ्याच्या हातच्या धमकीमुळे स्वस्तात घर मिळालेली माझ्यासारखी भाग्यवान मीच.

आत तशी फारशी पडझड नव्हती. नळ आधी भरपूर खोकायचा आणि मग पाणी सोडायचा. मागच्या खोलीचं दार उघडलं की न्हाणीघराचं अडायचं, म्हणजे आत कोणी अंघोळ करत असेल तर त्याला कैदच. ते दार ह्यांनी उलटं बसवलं. मी ओटा घासून घासून त्याचा खरा रंग शोधून काढला. भिंतींना पांढरा रंग दिला आणि दोघं रस्त्यावर उभं राहून बघत बसलो. छान दिसत होतं हो! मला तर भरूनच आलं.

चार दिवसांनी भिंत गुलाबी दिसायला लागली. आठवड्यानं पुन्हा वाचता यायला लागली. दुसरा हात दिला, तिसरा दिला. अक्षरं आपली वर येतच होती.

"काय घातलं होतंत त्या रंगात?" मी कपाळाला हात लावून विचारलं.

"ते नाही सांगत मी कोणाला," हे म्हणाले. पडत्या काळातही ऐट कायम!

भाडेकरू यायचे, भिंत वाचायचे आणि फाटकातूनच परत फिरायचे. एक नवं जोडपं तर सगळं घर बघून, पडदे कुठले लावायचे इथवर येऊन पोचलं होतं. जाताना नवऱ्याची नजर वर गेली. "उद्या बँकवाले आमचं सामान रस्त्यावर टाकतील," म्हणाला. मी कागद दाखवले, शपथा घातल्या. कागदावर कोण विश्वास ठेवतो? भिंतीवर ठेवतात. घर रिकामं राहिलं आणि इकडे हे दुसऱ्यांच्या भिंतींवर चढतच राहिले.

शेवटी अक्षरं खरवडून काढायची ठरलं. हे शिडी घेऊन आले, भिंतीला लावली, दोन पायऱ्या चढले आणि थांबले. वर बघितलं, खाली बघितलं. हात शिडीला गच्च. कपाळावर घाम.

"ऊन फार आहे," म्हणाले.

ढग होते. मी म्हणाले, "अहो, उतरा बघू. मला चढायचंय. किती वर्षांची हौस आहे माझी."

"तुला?"

"का? शिडी काय तुमच्या एकट्याची आहे?"

उतरले बिचारे. मी बाह्या सरसावून वर गेले. ह्यांनी खालून शिडी अशी धरली, की जणू सगळं घरच पेलून धरलंय. लोखंडी पट्टीनं मी एकेक अक्षर खरवडायला लागले. "हळू!" "तिरकं धर!" "अगं, तो 'ब' जपून!" खालून सूचनांचा भडिमार.

"जपून काय? काढायचाय ना?" मी ओरडले.

"हो, पण जपून काढ."

संध्याकाळपर्यंत वरची ओळ संपली, माझ्या हातांचे तुकडे पडले. खड्डे पुट्टीनं भरून मी उतरले आणि खालच्या ओळीकडे वळले, तर हे आडवे आले. "ही राहू दे. ही माझ्या हाताला येते."

जमिनीवर पाय रोवून ह्यांनी 'नये'मधला 'न' तेवढा खरवडला आणि तिथे एक डौलदार प्रश्नचिन्ह काढलं. मग 'ये'वरची मात्रा पुसून पुढे काना दिला. मागे सरकले. मी वाचलं:

आत येऊ? या.

मी इतकी हसले, की रस्त्यावरची माणसं थांबली. ह्या माणसाशी लग्न केल्याचा मला त्या क्षणी मनापासून आनंद झाला, आणि तसं मी त्यांना तिथेच सांगितलं. ते एवढे लाजले, की ब्रश डब्याऐवजी खिशात घातला.

दोनच दिवसांनी एक नर्सबाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आल्या. म्हाताऱ्यांनी भिंत मोठ्यानं वाचली, "बरं, आलो," म्हणाले आणि सरळ आत जाऊन खिडकीपाशी बसले. बाईंना मग दुसरं घर बघायची सोयच उरली नाही.

त्यांच्या हातात किल्ली देऊन आम्ही घरी निघालो, तोच ह्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. गोदामाची भिंत, तीन मजले उंच, पैसे चांगले. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. आता भाडं येणार होतं, पण नाही म्हणणं काही माझ्या हातात नव्हतं.

हे रस्त्याच्या मधोमध थांबले. घसा खाकरला.

"नाही जमणार," म्हणाले. "वर गेलं की चक्कर येते मला. गेल्या वर्षापासून. जमिनीवरून हात पोचेल तेवढंच लिहितो आता."

भर रस्त्यात, परक्या माणसाला सांगितलं. माझे डोळे भरून आले. मी ह्यांचा दंड धरला आणि सोडला नाही.

"मग वरचं कोण करणार, पेंटर?" पलीकडून विचारणा झाली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आमची बायको चढते," म्हणाले. "पण तिचा दर तुम्हाला परवडणार नाही."