आभार संपेपर्यंत

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी सूनबाई इस्त्री घेऊन बसली, तेव्हा सासरे दारात येऊन उभे राहिले. इस्त्री कशाला होते आहे ते त्यांनी बघून घेतलं. राखाडीच कपडे होते. ते समाधानाने परत फिरले. मागच्या वर्षी तिने फिकट निळा रंग काढला होता, तर ‘प्रसंगाचं भान असावं माणसाला’ एवढंच बोलून त्यांनी अबोला धरला होता.

प्रसंग म्हणजे त्यांच्या मुलाच्या स्मृतीची व्याख्यानमाला. मुलगा विद्यापीठात इतिहास शिकवायचा. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. सासरे त्याच विद्यापीठातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना ‘सर’च म्हणत. मुलामागे वेडे होण्याऐवजी त्यांनी ही माला सुरू केली. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान अशा विषयांवर मोठमोठे लोक येऊन बोलत, सभागृह सर्वांना खुलं असे आणि भरतही असे. बापाच्या दुःखाने इतकं चांगलं वळण घेतलेलं क्वचितच दिसतं. वाईट एवढंच झालं, की मुलाच्या फोटोबरोबर त्यांनी सुनेलाही व्यासपीठावर मांडून ठेवलं. फोटो डावीकडे, सून उजवीकडे. तिला काम एकच, आभार मानायचे.

आता सभेतले आभार ऐकतो कोण? वक्त्याच्या हातात पाण्याचा ग्लास गेला, की लोक पिशव्या चाचपू लागतात. ‘शेवटी’ हा शब्द निघायचा अवकाश, अर्धं सभागृह चहाच्या टेबलापाशी पोचलेलं असतं. सरांना याची भारी चीड. दरवर्षी सुरुवातीलाच ते बजावत, “आभार संपेपर्यंत कृपया कोणी जागा सोडू नये. मधूनच उठणं हा सभेचा अपमान आहे.” लोक माना डोलवत, आणि उठायचे तेव्हा उठतच.

शेवटपर्यंत थांबणारा माणूस एकच, माइकवाला. वायरी त्यालाच गुंडाळायच्या असत, न थांबून सांगतो कोणाला! मागच्या वर्षी माइक काढता काढता तो तिला म्हणाला होता, “एक विचारू? तुम्ही सगळ्यांचे आभार मानता. तुमचे कधी कोणी मानले का हो?” तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं हे लक्षात येऊन घरी गेल्यावर रडूही आलं. त्याचीही बायको गेलेली होती. वर्षभरात ओळख वाढली, आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं.

ते तिने चोरून ठेवलं नाही. आठवड्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर सरळ सांगितलं. सर ओरडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले.

“लग्न वाईट असं मी कधीच म्हणणार नाही,” ते म्हणाले. “पण मग व्याख्यानमालेचं काय?”

आपण नीट ऐकलं ना, असं तिला वाटलं.

“बाबा, मी माझ्या आयुष्याबद्दल बोलतेय.”

“मीही तेच बोलतोय, बाळ. तू तिथे उभी असतेस म्हणून लोकांना तो आठवतो.”

सासूबाईंचा वाढायचा डाव हवेतच थांबला. पण त्यांचं त्या घरातलं बोलणं ‘वाढू का’ आणि ‘पुरे का’ यांच्या पलीकडे फारसं गेलेलं नव्हतं. विषय मिटला असं सरांनी धरून टाकलं. शिकलेल्या घरात जुलूम असाच होतो, हळू आवाजात आणि ‘बाळ’ म्हणून.

त्या संध्याकाळी पाहुण्यांचा विषय होता जुन्या कागदपत्रांतलं विधवांचं मौन. पाहुणे खरोखरच सुरेख बोलले. बायकांनी डोळे पुसले, सरांनीही पुसले. टाळ्या थांबल्यावर सर समारोपाला उठले. दोन शब्द बोलता बोलता म्हणाले, “हे सांगताना मला अभिमान वाटतो, की आमच्या सूनबाईंनी आपलं उरलेलं आयुष्य या कार्याला वाहून घेतलं आहे.”

पुन्हा टाळ्या. आपण आयुष्य वाहून घेतल्याचं सूनबाईला सभागृहाबरोबरच समजलं. पण आभाराची पाळी तिचीच होती, म्हणून ती उठली.

तिने विद्यापीठाचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले. खुर्च्या सरकू लागल्या. “शेवटी,” ती म्हणाली, आणि लोक उठले. माइकवाल्याचा हातसुद्धा सवयीने बटणाकडे गेला. तिने त्याच्याकडे पाहिलं तसा तो वरच्या वर थांबला.

“शेवटी मी माझे आभार मानते. इतकी वर्षं इथे उभी राहिले म्हणून. उरलेलं आयुष्य मी कोणाला वाहिलेलं नाही, मला कोणी विचारलंच नव्हतं. मी लग्न करते आहे. ते गेले याचं दुःख मला आहे आणि ते राहील. पण एका माणसाची आठवण ठेवायला दुसऱ्या माणसाचा फोटो करून ठेवू नये.”

दारापर्यंत गेलेले लोक तिथेच थबकले. सरांनी माइकवाल्याला हातानेच ‘बंद कर’ अशी खूण केली. त्याने हात पाठीमागे बांधले. पाहुणे सरांच्या कानाशी वाकून म्हणाले, “विचार योग्य आहे, पण ही जागा नव्हे.” मग जागा कोणती, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तासभर ज्या मौनाबद्दल ते कळवळून बोलले, ते डोळ्यांदेखत फुटलं तर त्यांना सोसवेना.

सर व्यासपीठावरून उतरले. त्या क्षणी त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा गेला होता, हेही खोटं नव्हतं. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोला ते म्हणाले, “ऊठ. घरी चल.”

सासूबाई उठल्या नाहीत. मांडीवरची पिशवी त्यांनी नीट धरली.

“आभार संपेपर्यंत जागा सोडू नये,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच सांगता ना?”

मग सुनेकडे मान वर करून म्हणाल्या, “तुझं चालू दे गं. मी बसलेय.”

सर फोटोकडे बघत उभेच राहिले. दारातले काहीजण परत येऊन बसले, बरेचसे चहाकडे गेले. आपण त्यांतले कोण, हे ज्याने त्याने आपापल्या घरात कोणाला उजवीकडे उभं केलंय ते बघून ठरवावं.