वाजवू नये: एका कॅसेटचं आत्मवृत्त

मी कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, एका बाजूला निळ्या शाईनं ‘जात्यावरच्या ओव्या’ असं लिहिलेली. बोलणं हाच माझा धंदा. पण सध्या माझ्या डबीवर ‘वाजवू नये’ अशी चिठ्ठी आहे. तेव्हा जरा कान देऊन ऐका.

तयार मी कारखान्यात झाले, पण जन्माला आले भाईंदर पूर्वेच्या एका चाळीत, अठ्ठ्याऐंशी साली. हरिश्चंद्र नावाचे एक बँकेतले साहेब होते. लोकगीतं मरू द्यायची नाहीत, असं त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं होतं. दर रविवारी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून ते निघायचे. ओव्या गाणाऱ्या बायका सापडायच्या, पण जातं सापडायचं नाही. सगळ्यांचं दळण गिरणीत! शेवटी घोडबंदर गावातून एक जातं टेम्पोत घालून आणलं आणि सरोजाच्या खोलीत मांडलं.

सरोजा हिंगोलीकडची. तिचा नवरा नागोराव स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला. गावाकडच्या, बाबासाहेबांवरच्या भीमाच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या.

“दळायचं काही नाही हं, नुसतं फिरवा,” साहेब म्हणाले. “आवाज तेवढा पाहिजे.”

“रिकामं जातं कोण फिरवतं?” म्हणत तिनं शेजारच्या आशाला हाक मारली. आशा पदरात ज्वारी घेऊन आली आणि समोर बसली. दोघींनी खुंटा धरला, जातं घरघरायला लागलं आणि सरोजानं ओवी उचलली. छान चाललं होतं. इतक्यात पुढं सरकलेल्या साहेबांच्या इस्त्रीच्या पँटवर पीठ उडालं आणि आशा फस्सकन हसली. साहेब हातवारे करून तिला गप्प करू लागले, तशी ती आणखी हसली. मी सगळं घेतलं. काय ठेवावं नि काय टाकावं, ही अक्कल आम्हा कॅसेटना नसते.

पुढं साहेबांनी मला सभांमधून वाजवलं. लोक माना डोलवायचे. माझ्यावर पुन्हा कुणी दुसरं काही भरू नये म्हणून साहेबांनी माझ्या कडेच्या प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडल्या. त्यांच्या मुलानं, नीरजनं, त्या भोकांवर कागद चिकटवला आणि माझ्या दुसऱ्या बाजूवर डिस्को भरला. म्हणजे माझ्या एका बाजूला संस्कृती जिवंत होत होती आणि दुसऱ्या बाजूला नीरज नाचत होता. मग सीडी आली, मोबाइल आला, आणि मी बुटांच्या खोक्यात गेले.

साहेब गेल्यावर नीरजनं ते खोकं एका संस्थेला देऊन टाकलं. संस्था काशीमीऱ्याला, एका गॅरेजच्या वर. खाली ट्रकांची ठोकाठोक, वर जुन्या आवाजांसाठी एसी. तिथल्या नीलिमा मॅडमनी मला चक्क पांढरे हातमोजे घालून उचललं. ज्या मला लोकांनी वडापावच्या हातानं हाताळलं, तिच्यासाठी हातमोजे!

त्यांनी मला वाजवून आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि साफ केला. जात्याची घरघर काढली. आशाचं हसणं काढलं. उरली सरोजा, एकटी, काचेसारखी स्वच्छ. कॉम्प्युटरात जागा कमी म्हणून तिथला मूळ आवाज पुसून टाकला. साहेबांनी माझ्यावर गाणारीचं नाव लिहिलं नव्हतं, म्हणून नोंद झाली: ‘गायिका अज्ञात’. मग लोकसंगीत महोत्सवाची जाहिरात म्हणून ती ओवी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली.

अज्ञात गायिका तेव्हा भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या फ्लॅटमध्ये भाकरी थापत होती. तिची सून स्नेहल मोबाइलवर ऐकत होती. ओवी कानावर पडली तशी सरोजानं तवा उतरवला. दुसऱ्या दिवशी जाहिरातीतला पत्ता शोधत ती नागोरावांना घेऊन संस्थेत हजर!

नीलिमा मॅडम हरखून गेल्या. “आई, तुम्ही? आधी एक फोटो घेऊ या!”

“फोटो मागून. आशा कुठंय?”

“कोण आशा?”

“माझ्यासमोर बसून हसलेली. आणि जातं कुठं गेलं? मी काय हवेत दळत होते?”

“ते... अनावश्यक आवाज होते, आई. साफ केले.”

सरोजा मटकन खुर्चीत बसली. मग म्हणाली, “गेल्या साली वारली ती. तिचा धड फोटोबी न्हाई कुणाकडं. तिला साफ केलं व्हय?”

नीलिमा मॅडमनी ‘वाजवू नये’ची चिठ्ठी लावलेली माझी डबी पुढं केली. “मूळ आवाज आता फक्त या कॅसेटमध्ये आहे. फीत पार झिजलीय. पुन्हा वाजवली तर तुटेल. आम्हाला ती जपायचीय.”

“मॅडम,” नागोराव हळूच म्हणाले, “जिला ऐकायचंय ती समोर बसलीय. जपताय कुणासाठी?”

मॅडमनी मला डबीतून बाहेर काढलं. मग त्यांनी हातमोजे काढले.

मी वाजले. माझी फीत कण्हत होती, पण जातं घरघरलं, ओवी आली, आणि आशा हसली. सरोजानं डोळे मिटून घेतले आणि तीही हसली, तोंडावर पदर धरून. नीलिमा मॅडमनी या खेपेला सगळं जसंच्या तसं भरून घेतलं. आशाचं हसू संपलं, आणि पाठोपाठ मी यंत्रात गुंतले. चुरगळले, फाटले. माझ्या पोटातला डिस्कोही गेला. त्याचं दुःख नाही.

महोत्सव मीरा रोडच्या एका हॉलमध्ये झाला. मला दाराशी काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत माझा आवाज सुरू होताच कुणीतरी ओरडलं, “अरे, साउंड साफ करो यार!”

पहिल्या रांगेतून सरोजाचा आवाज आला, “साफच हाय! गुमान ऐका!”

लोकांनी ऐकलं. जाताना माझ्याभोवती गर्दी करून सेल्फी काढले. कार्डावर आता दोघींची नावं आहेत, आणि खाली ‘सुस्थितीत’ असंही लिहिलंय. त्यावर मी काय बोलणार?

शेवटी सरोजा आली. नीलिमा मॅडमनी पेटी उघडली, “आई, हातात घ्या.”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आशा आता हिच्यात कुठंय? ती आली भाईर.”

तर मंडळी, माझं काम झालं. मला बघायला जरूर या. पण तुमच्या घरी एखादी गाणारी बाई असेल, तर आधी तिच्याकडे जा. आणि तिच्यासमोर कोण बसायचं, तेही विचारा.