माईंना सापडलेली संध्याकाळ

फ्रीझर घरात आला तो सुनेच्या हट्टापायी. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. संध्याकाळी घरी यायची ती पार पिळून निघालेली. तिच्या मागोमाग तिचा नवरा यायचा, भिंती रंगवून रंगवून कोपरापर्यंत माखलेला. तोवर माई ओट्याशी घामाघूम असायच्या. याला तिखट हवं, तिला पातळ हवं, असं करता करता ताटं मांडायला उशीर व्हायचा आणि नात, घरात जिला सगळे भिंगरी म्हणत, पहिल्याच घासाला पेंगायला लागायची.

"माई, सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून आठवडाभराचं करून ठेवू," सून म्हणाली. "सकाळी एक डबा काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात विरघळायला ठेवायचा, रात्री गरम करायचा. संध्याकाळी तुम्ही ओट्याकडे फिरकायचंसुद्धा नाही."

माईंनी मान डोलावली खरी, पण मनात म्हणाल्या, चार दिवसांचं कौतुक आहे.

रविवारी घराची नुसती खानावळ झाली. मुलाने कांद्यांचा डोंगर चिरला आणि लहान मुलासारखा रडला. भिंगरीने मटार सोलले, निम्मे पोटात गेले. बटाट्याचा रस्सा, भोपळ्याचं सूप, परतलेली गाजरं असं सगळं पसरट भांड्यांत निवत ठेवलं होतं. गरम असताना झाकण लावलं की आत बर्फाचे काटे धरतात, हे माईंना सुनेकडून कळलं. आयुष्यभर चटके खाल्लेल्या बाईला अन्न थंड व्हायची वाट बघायची असते हेच नवीन होतं. डबे एकावर एक रचले गेले. सूनबाईचा चेहरा असा फुलला होता की माईंना काही बोलवेना.

सोमवारी दिवस कलायला लागला आणि माईंचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी धुतलेला ओटा पुन्हा पुसला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. समोर शेजारच्या इमारतीची भिंत, वर्षानुवर्षं तीच. "बाई गं, मी आता नुसती शोभेची," असं स्वतःशीच पुटपुटत त्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरल्या.

पिशवी टाकली, वर पाहिलं आणि त्या तिथेच खिळल्या.

आकाश पिकलेल्या जर्दाळूसारखं झालं होतं. तो रंग भिंतींवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, एका सायकलच्या घंटीवरूनही हळूहळू ओघळत होता. माईंना आठवेना, अशी वेळ आपण शेवटची कधी पाहिली. लग्नाआधी पाहिली असेल. नंतर रोज या वेळेला त्या वाफेत असायच्या. बाहेर ऊन असे, मग फोडणी होई, आणि वर बघावं तर अंधार झालेला. मधलं कुणीतरी कापूनच नेल्यासारखं.

पाय नेतील तिकडे त्या चालत गेल्या. न्हाव्याच्या दुकानात पोरगेलेसा कारागीर केस झाडत होता, तेसुद्धा सोनेरी दिसत होते. खिडक्याखिडक्यांतून कांद्याचा वास येत होता. एकीचा करपत होता, आणि माईंना तिथल्या तिथे हाक मारून सांगावंसं वाटलं. गल्ली संपली तिथे नदी होती. धक्क्याला पैलतीरी नेणारी होडी लागलेली. नावाडी दोर सोडत होता.

"येताय का आजी? रिकामीच चाललीय."

"मला पलीकडे काही काम नाही रे बाबा."

"मग नुसत्या या."

नुसतं कुठे जायचं असतं हे माईंना ठाऊकच नव्हतं. त्या बसल्या. होडी इतकी हलकी सरकली की किनाराच मागे जातोय असं वाटलं. पाण्यात दिवे लागले, विझले, लांबट झाले. पैलतीरावरून ओल्या लाकडाचा वास आला. माईंनी हात पाण्यात बुडवला. चटका नाही, चरका नाही. हात आपलाच आहे की नाही, असं वाटावं इतका तो शांत झाला.

मग रोजच जाणं झालं. घरी कुणाजवळ बोलल्या नाहीत. सांगावं तरी काय? आणि एका गुरुवारी, सकाळपासूनच मन पाण्यावर असल्याने, डबा काढायचा साफ विसरल्या.

परतल्या तेव्हा सून स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यात कोमट पाण्याचं भांडं, त्यात दगड झालेला रस्सा. डोळे लाल.

"माई, तुम्हाला हे पटलेलं नाही ना? मी तुमचं स्वयंपाकघर काढून घेतलं. तुम्ही रोज रागावून बाहेर जाता, भिंगरीने सांगितलं मला."

"रागावून?" माई तिच्याशेजारी बसल्या. "अगं वेडे, मी संध्याकाळ बघायला जाते. मला माहीतच नव्हतं गं, ती एवढी मोठी असते."

सून हळूच म्हणाली, "माझ्या एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही, माई. आत जाते तेव्हा सकाळ, बाहेर येते तेव्हा दिवे लागलेले."

त्या रात्री सगळ्यांनी पाव आणि उरलेला मुरंबा खाल्ला. कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने लवकर सुट्टी मागून घेतली. दोघी होडीत शेजारी बसल्या. सून एकदा म्हणाली, "केवढा गुलाबी," आणि नदीच्या मध्यावर येईतो तिचं डोकं माईंच्या खांद्यावर कलंडलं. डोळा लागला होता. पैलतीर आला. नावाड्याने माईंकडे पाहिलं, माईंनी नकारार्थी मान हलवली. त्याने होडी वळवली. इकडच्या धक्क्याला टेकली तरी त्या उठल्या नाहीत. तोही पुन्हा निघाला.

धक्क्यावर मुलगा उभा होता, कडेवर भिंगरी. "आई! सगळं गरम करून ठेवलंय!" त्याने हात उंचावून हाक मारली. "जेवायचंय की नाही?"

माईंनी ओठांवर बोट ठेवलं. होडी पुन्हा पैलतीराकडे सरकली, आणि आभाळ अजून पुरतं निवलेलं नव्हतं.