मुठीतला प्रसाद

"अण्णा, पुसू नका! काय पडलंय ते बघू द्या की आधी."

देवयानी ओल्या हातांनी न्हाणीतून धावत येईपर्यंत एकनाथरावांनी फडकं फिरवलंसुद्धा. कुत्रं ओकलं तेही नेमकं देवघरासमोर. सुनेची वाट कोण बघत बसणार?

"बघायचंय काय त्यात? तुझी अंडी! मुक्या जिवाला बाटवलंस."

"परवा दिलं होतं, अण्णा. तेही अंगणात."

"मग परवाचं आज बाहेर पडलं!"

बुक्का कोपऱ्यात मान टाकून पडला होता. काळाभोर, म्हणून एकनाथरावांच्या पत्नी मालतीबाईंनी ठेवलेलं नाव. त्या गेल्यावर एकनाथरावांचं दिवसभर ऐकून घेणारं घरात तेवढंच एक उरलं होतं. सोलापुरातल्या एका शाळेत उभा जन्म कारकुनी केली, आता संध्याकाळ झाली की रामाच्या देवळात कीर्तन. येताना मुठीत प्रसाद. बुक्का फाटकाशी बसलेला असायचाच. आधी त्याच्या तोंडात, मग आपल्या.

काल उत्सवाची सांगता होती. बार्शीकडच्या कुणा बागायतदारानं पाटीभर बेदाणे वाहिले होते. एकनाथरावांनी उपरण्याच्या टोकाला बांधून आणले आणि कौतुकानं सगळे बुक्क्याला चारले.

मघाशी फडक्यात तेच आले होते. टम्म फुगलेले, अख्खे. पण प्रसाद कुणाला बाधतो का? तसं मनात आणणंही पाप. त्यांनी फडकं मोरीत पिळलं आणि वरून बादली ओतली.

"काय खाल्लं यानं?" जनावरांच्या सिद्धलिंग डॉक्टरांनी बुक्क्याचं पोट चाचपत विचारलं.

"अंडं," देवयानीनं तोंड उघडायच्या आत एकनाथराव म्हणाले.

"अंड्यानं काय होतंय? दुसरं आठवा की."

"दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी सुई टोचली. "आज पोटाला आराम द्या. पाणी थोडं थोडं. दूधबिध पाजू नका. परत ओकला तर न पुसता मला दाखवा."

बुक्का परत ओकला नाही. "बघ, अंडं बंद केलं, उतार पडला," असं एकनाथराव सुनेला दोनदा ऐकवून झाले. मग त्याची लघवीच बंद झाली.

रक्त तपासून डॉक्टरांनी चष्मा काढला. "मूत्रपिंडं गेली. द्राक्षं, बेदाणे असलं काही पोटात गेलं होतं का? कुत्र्याला विष असतं ते. त्याच दिवशी कळलं असतं तर सलाइन लावून प्रयत्न करता आला असता."

देवयानीनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते उपरण्याचं टोक चाचपत होते. मग वाकून ती बुक्क्याला उचलू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

बुक्का गेला. पुढच्या कीर्तनात बुवांनी भूतदयेचं आख्यान लावलं, मंडळी डोळे पुसत होती. एकनाथरावांचे डोळे कोरडे. आरती झाली, हातावर चार बेदाणे पडले.

फाटकाशी येऊन ते सवयीनं खाली वाकले. तिथं बुक्क्याची वाटी होती, देवयानीनं घासून पालथी घातलेली.

"आत या अण्णा, पान वाढलंय," ती दारातून म्हणाली.

प्रसाद टाकवेना, तोंडात घालवेना. ते तसेच वाकून राहिले. घामानं मुठीतले बेदाणे हळूहळू फुगू लागले.