आंदणाचा हर्रास

धान निघाल्यापासून माझं आंदण आमच्या सपरीत, घरापुढच्या ओसरीत, बांधलेलंच पडलं होतं. घुग्घुसच्या खाणीत निकेशची पाळी सुरू असताना मी छोटा हत्ती टेम्पो बोलावला, पलंग, आलमारी, भांडी सगळं चढवलं आणि सावलीजवळच्या आमच्या गावात, माहेरी आणून उतरवलं. नवऱ्याला सोडून का आली, हे विचारायचं असेल तर माझ्या डाव्या कानाला विचारा. पण मोठ्यानं विचारा. त्याला आता ऐकू येत नाही.

माझ्या भावानं, श्रीहरीनं, सामानाची दोरी सोडू दिली नाही. "सोडू नको व दिव्यानी, पुन्हा बांधा लागन." म्हणजे मी परत जाणार हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. पाणी भरायचा नवा पितळेचा गुंड पोत्यात तोंड खुपसून बसलेला, आणि आई चेपलेल्या जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी भरायची.

मग घरी बैठक झाली. मामाजी आले, काकाजी आले, चहा प्याले आणि ठरवून मोकळे झाले: रविवारी निकेशची गाडी येईल, सामान आणि पोरगी दोन्ही घेऊन जाईल. माझ्या कानाचं नाव कोणी काढलं नाही. पत्रू मामाजी तेवढे बोलले, "दोन भांडे एका जागी ठेवले का वाजतेतच." आई दाराच्या आड उभी होती. तीही गप्प.

शनिवारी मी दोरी कापली. सोडली नाही, विळ्यानं कापली.

आमच्या जिल्ह्यात मोबाइलवर घेण्या-देण्याचा एक ग्रुप आहे. जुन्या मोटारसायकली, बकऱ्या, शिलाई मशीन, लोक लाइव्ह येतात आणि खाली बोली लागते. मी भरदुपारी मोबाइल धानाच्या कोठीला टेकवला आणि सुरू झाले. "माह्या लग्नाचं आंदण विकून राह्यलो. ज्याची बोली मोठी, त्याची वस्तू. बोला."

पहिला स्टीलचा मोठा गंज उचलला. सिंदेवाहीच्या एका बाईनं लिहिलं, "ताई, त्याच्यावर काय लिहिलं हाये?"

आमच्याकडे भांडं देतात ते दुकानात मशीननं नाव टाकूनच. कोणी दिलं ते नातवंडांनाही कळलं पाहिजे ना! मी वाचलं. "चि. निकेश व चि. सौ. कां. दिव्यानी यांस, मामा पत्रूजी यांच्याकडून सप्रेम भेट."

वाचता वाचताच माझं डोकं फिरलं.

"हेच मामाजी परवा बैठकीत म्हने, भांडे वाजतेतच. आयका, कसे वाजतेत." मी पळी घेतली आणि गंजावर हाणली. सपरी दणाणली. "कानात एवढाच आवाज आला होता. त्याच्यानंतर आलाच नाई."

बघणारे भराभर वाढले. थोड्या वेळानं खुद्द मामाजी ग्रुपात उगवले. "बंद कर व. मी घेतो थो गंज."

"मंग बोली लावा, मामाजी. फुकटात नाव वापस नाई भेटत."

त्यांनी बोली लावली. सिंदेवाहीच्या बाईनं मुद्दाम वाढवली. मामाजींनी पुन्हा वाढवली. शेवटी स्वतः दिलेला गंज त्यांनी नव्याहून महाग घेतला. मी काकाजींचं नाव टाकलेल्या परातीला हात लावायच्या आधीच काकाजींची बोली येऊन पडली. मला हसू आवरेना.

श्रीहरी पानठेल्यावरून धावत आला. "बहिनीच्या संसाराचा हर्रास! गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तू!"

"इथी दाखव न भाऊ. ये, लाइव्ह हाये."

तो मोबाइल हिसकायला वाकला, स्वतःचं थोबाड पडद्यावर दिसताच केस सारखे करून मागं सरकला.

तेवढ्यात निकेशची बोली आली. "सगळं सामान मी घेतो. संग बायको फ्री द्या." पुढं हसरी तोंडं.

"पाह्य," श्रीहरी म्हणाला, "जवाई हासून राह्यला. राग गेला त्याचा. कर बंद."

मी निकेशची बोली मोठ्यानं वाचून दाखवली. एकदा नाही, दोनदा. मग सिंदेवाहीच्या बाईनं लिहिलं, "याले ग्रुपातून हाकला."

"नोका हाकलू," मी म्हटलं. "राहू द्या. पाहू द्या त्याले."

आणि गुंड उचलला. त्याच्यावर माझ्या बाबांचं नाव. बाबा आता नाहीत. मी "वडील मुखरू" एवढंच वाचलं आणि आई सपरीत आली.

"थो नाई विकाचा."

"आई, सगळं विकतो मी. एक वस्तू ठेवली तरी हे मले गाडीत बसवतीन."

"थो माहा हाये." आईनं गुंड माझ्या हातातून ओढला. "नाव तुह्या बाचं टाकलं. चिखलात कंबर मोडून रोवणे म्या केले, पैसे म्या देल्ले. आन् घरी नवा गुंड असून चेपल्या गंजातलं पानी पेतो मी. काऊन? पोरगी वापस धाडाची म्हून?"

"आई, तू मधात नोको बोलू," श्रीहरी म्हणाला.

"त्या दिवशी नाई बोललो, तेच चुकलं." तिनं गुंड कमरेवर घेतला आणि मोबाइलसमोर उभी राहिली. "जवाईबापू, आयकून घ्या. पोरगी इथीच राहीन." आणि ती बोरिंगकडे निघून गेली.

निकेशनं लिहिलं, "उद्या गाडी घेऊन येतो. मंग पाहतो एकेकाले."

तेही मी वाचून दाखवलं. श्रीहरी खाली मान घालून कापलेली दोरी गुंडाळत बसला होता.

"ये," मी निकेशला म्हटलं. "रिकामी आनशीन, रिकामी नेशीन. डिझेल तुह्यं."

मग मोबाइल फिरवला. "आता हा पलंग. सागवानी हाये, कीड नाई. आन् याच्यावर कोनाचंच नाव नाई. बोला."