खिळ्यावरची सीडी

"फुंकर मारायची नाही. भिंगावर थुंकी उडते," वेणीमाधव म्हणाले. खरं तर कुणी काही विचारलं नव्हतं. समोरच्या स्टुलावर त्यांची बायको सुधा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत वेणीमाधवांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. सीडी वाचली जात नाही म्हटलं की बाकीचे सरळ ड्राइव्ह बदलायला सांगत. वेणीमाधव ट्रे बाहेर ओढून ज्वारीच्या दाण्याएवढं भिंग स्पिरिटच्या काडीने पुसत आणि गिऱ्हाइकाला हसत घरी पाठवत. याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. आता सीडीच कुणी वापरत नाही. दुकानात ड्राइव्हवाला हा एकच लॅपटॉप उरला होता आणि तोही आज अडून बसला होता.

"डॉक्टर पाचपर्यंतच आहेत," सुधा म्हणाली.

"माहितेय गं. स्पिरिट वाळू दे."

सकाळी डॉक्टरांनी नवीन स्कॅन दाखवलं होतं. सुधाच्या डाव्या किडनीवर गाठ. दोन वर्षांपूर्वी पोट दुखलं तेव्हा काढलेल्या स्कॅनची सीडी त्यांनी मागितली. "तिच्यात काही नसेल, तर लवकर सापडली म्हणायचं." तेवढ्या एका वाक्याच्या आधारावर दोघं रिक्षाने इथवर आली होती. छापील रिपोर्ट त्यांच्याकडे नव्हताच. तेव्हा दुखणं थांबलं, मग तो आणायला कोण जातंय!

वेणीमाधवांनी भिंतीच्या खिळ्यावर अडकवलेली सीडी काढली. तिच्यावर काळ्या मार्करने मोठ्ठं 'टेस्ट' लिहिलेलं होतं.

"ही माझी?" सुधाने विचारलं.

"नवी करकरीत होती. ड्राइव्ह दुरुस्त झाला की हीच घालून बघायचो."

"आणि कधी उघडली नाहीत?"

"फाइलींची यादी दिसली की झालं. लगेच बाहेर काढायची." बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. दोन वर्षं ते हेच करत आले होते, पण आज ते ऐकायलाच भयंकर वाटत होतं.

ट्रे आत गेला. घरघर झाली, थांबली. परत झाली. सुधाने पिशवीचे बंद घट्ट धरले.

यादी आली. तिसऱ्या ओळीतलं 'रिपोर्ट' त्यांना पाठ होतं. आज पहिल्यांदाच त्यांनी ते उघडलं.

शेवटच्या दोन ओळी ठळक अक्षरांत होत्या. डाव्या किडनीवर दोन सेंटिमीटरची गाठ. तातडीने तज्ज्ञांना दाखवावे.

"चालली का?" सुधाने विचारलं.

"चालली."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिने चष्मा लावला आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. सावकाश वाचलं. मग म्हणाली, "फोटो काढून पाठवा डॉक्टरांना. पाच वाजतील."

त्यांनी पाठवला. पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा काढून.

मग काही सुचेना, म्हणून त्यांनी सीडी बाहेर काढली आणि नवी काडी स्पिरिटमध्ये बुडवून 'टेस्ट'वर घासायला लागले. काळी शाई सुटली. खालून छापील अक्षरं दिसायला लागली. सुधा, वय एक्कावन्न. ते आणखी जोराने घासू लागले.

सुधाने त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या आता," ती म्हणाली. "नावही जाईल."