तिसावी रेघ

कुंडलिकने बिस्किटांच्या डब्यातली शेवटची चिठ्ठी उलगडली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि ती पुन्हा एकदा वाचली. ‘रातवा.’

किन्हवलीच्या एसटी थांब्यामागे, मालूच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला त्याचा फळा टांगलेला होता. रोज सकाळी तो त्यावर सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न लिही. ज्याला खेळायचं त्याने मोबाइल खिशात ठेवायचा, उत्तर चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, आणि पाचची गाडी आली की डबा उघडायचा. बरोबर असेल तर नावापुढे रेघ, चुकलं तर शून्य. महिनाभर एकही शून्य न खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खडू मिळणार, त्या दिवसाचा प्रश्न त्याचा. दोन वर्षांत असा माईचा लाल काही निघाला नव्हता.

आज एप्रिलची तीस तारीख होती आणि हिरीच्या नावापुढे एकोणतीस रेघा होत्या.

हिरी गावाबाहेरच्या वाडीवरची. उन्हाळ्यात डोंगरातून करवंदं आणून थांब्यावर विकायची. शिक्षण आश्रमशाळेत चौथीपर्यंत. पण करवंदं बांधायला जी रद्दी घ्यायची तिचा कागद न् कागद आधी वाचून काढायची, मग गिऱ्हाईक कितीही खोळंबो. सात खेळाडूंत सगळ्यांत शेवटी तीच आली आणि सगळ्यांच्या पुढे गेली.

आजचा प्रश्न होता, ‘कोणता पक्षी स्वतःचे घरटे बांधत नाही?’ कुंडलिकच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात मागच्या पानावर उत्तर होतं, कोकीळ. मालूने कोकीळ लिहिलं होतं, पंक्चरवाल्या शेखरनेही कोकीळच.

हिरीची चिठ्ठी वाचून कुंडलिकचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तेच वाटलं. तीस वर्षं तो शाळेत शिपाई होता. अक्षर सुरेख म्हणून व्हरांड्यातला फळा रोज तोच लिहायचा, पण प्रश्न गुरुजींचा असायचा. निवृत्त झाल्यावर शाळेने टाकून दिलेला फळा त्याने मागून आणला, काळा रंग दिला, आणि तेव्हापासून अक्षरही त्याचं आणि प्रश्नही त्याचाच. तो खडू एक दिवसही दुसऱ्याच्या हाती जावा, हे काही त्याच्या मनाला पटत नव्हतं.

“रातवा नाय गो हिरे. कोकीळ,” तो म्हणाला आणि तिच्या रेघांपुढे शून्य काढलं.

“आरारा! तिसाव्याला आउट!” शेखर हळहळला.

हिरीने करवंदांची रिकामी पाटी उचलली. चेहऱ्यावर राग नव्हता.

“कोकीळ बरोबरच हाय, दादा. पन रातवा पन नाय बांधत. मी बघलंय.”

“पुस्तकात नाय तसं.”

“नसंल. सकाळी येता आमच्याकडं? दावते. हाताच्या काकणाला आरसा कशाला?”

ती गेली. मालूने गिरणीचा पट्टा उतरवला, शेखरने दुकान आवरलं. फळ्यावरचं उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यावर कुणी कधी वाद घालत नसे. कुंडलिक मात्र त्या शून्याकडे बघत उभा राहिला. नीट गोल आलं होतं. जीव भांड्यात पडला होता हे आठवून आता त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

सकाळी ऊन चढायच्या आत तो वाडीवर पोचला. हिरी पाटी घेऊन निघालीच होती. “आलात?” एवढंच म्हणाली आणि पुढे चालू लागली. डोंगराच्या पायथ्याशी करवंदीची जाळी संपून खडकाळ माळ लागला. सागाची वाळकी पानं सगळीकडे पसरली होती. मध्येच तिने हात आडवा धरला.

“पाय जपून. बसलाय.”

“कुठं?”

“तुमच्या फुड्यात.”

कुंडलिकने चष्मा पुसला. पुढ्यात पाचोळा होता, दगड होते, आणि काही नव्हतं. तो आणखी एक पाऊल पुढे गेला, तसं त्यातलं एक वाळकं पान डोळा उघडून त्याच्याकडे बघायला लागलं. क्षणभराने ते आवाज न करता उडालं आणि थोडं पलीकडे जाऊन पुन्हा पाचोळ्यात मिसळून गेलं. जागेवर दोन अंडी होती. खाली काडी नाही, पीस नाही, उकरलेला खळगाही नाही. नुसती उघडी जमीन.

“घरटं?” त्याने विचारलं.

“ह्येच.”

तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिला. बासष्ट वर्षं याच मातीत गेली, रातव्याची ‘चक चक’ दर उन्हाळ्यात रात्री अंगणात बसून ऐकली, पण तो राहतो कुठे हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

“चला दादा, त्याला परत बसू द्या. अंडी तापतील उन्हानं,” हिरी म्हणाली.

थांब्यावर आल्यावर त्याने ओल्या फडक्याने शून्य पुसलं आणि तिथे रेघ ओढली. कोकीळच्या शेजारी ‘रातवा’ लिहिलं.

शेखर हातातली ट्यूब तशीच टाकून आला. “काका, ह्ये काय? पुस्तकात तर कोकीळच होता ना?”

“होता. प्रश्नच मी अर्धवट घातला होता. चूक माझी.” मग त्याने खडू हिरीपुढे धरला. “घे. आजचा दिवस तुझा.”

हिरीने पदराला हात पुसले. मग पाटीतून एक टपोरं करवंद निवडून फळ्याच्या कडेवर ठेवलं आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, ‘हे करवंद कोंबडा की कोंबडी?’

मालू गिरणीच्या दारात हसत सुटली. लहानपणी सगळ्यांनीच खेळलेला खेळ. फोडल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

“ह्याला मोबाइल काय करनार?” शेखर डोकं खाजवत म्हणाला. “काका, तुमाला म्हाईत असंल ना?”

“मला काय ठाव?” कुंडलिक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की आज खरंच ठाऊक नाही. प्रश्न घालणाऱ्याला खेळता कुठे येतं? दोन वर्षांत त्याने डब्यात एकही चिठ्ठी टाकली नव्हती. त्याने शेखरच्या वहीतलं पान फाडून घेतलं, गिरणीच्या ओट्यावर बसला, करवंदाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि डाव्या हाताचा आडोसा करून एक शब्द लिहिला. दिवसभर तो चार वेळा फळ्यापाशी जाऊन आला.

पाचची गाडी आली. उतरलेली दोनचार माणसंही थांबली. हिरीने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. शेवटची कुंडलिकची होती, ‘कोंबडी’. अक्षर सगळ्यांनी लांबूनच ओळखलं. तिने करवंद दोन बोटांत धरून फोडलं. आत लालभडक होतं.

“कोंबडा!” शेखर ओरडला.

हिरीने फळ्यावर सात नावांच्या खाली आठवं नाव लिहिलं, कुंडलिक. पुढे एक शून्य काढलं, जरासं वाकडं. मग फोडलेल्या करवंदाचं एक अर्धुक त्याच्या हातावर ठेवलं. ते आंबटगोड होतं आणि कुंडलिक पोट धरून हसत होता.

गर्दी पांगल्यावर शेखर फडकं घेऊन फळ्यापाशी आला.

“काका, पुसू काय तुमचा शून्य? आनखी कुनी बघायच्या आत.”

“खबरदार हात लावशील तर,” कुंडलिक म्हणाला.